अकरा पॉइंट झिरो

ज्या वयात माणसं मॉर्निंग वॉक सुरू करतात, त्या वयात मी सोल्डरिंग सुरू केलं. डॉक्टरांनी दोन्हींपैकी काहीच सांगितलं नव्हतं. निमित्त झालं जुन्या सीडी प्लेअरचं. त्याच्या भिंगाला दिसेनासं झालं, आणि दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच "शोकेसमध्ये छान दिसेल भाऊ" असा निकाल दिला. गाणी मोबाइलवरही वाजतात आणि घरातली बाकीची माणसं तेवढ्यावर सुखी आहेत. पण मला शुद्ध आवाज हवा होता, आणि तोही हाताने केलेला.

कल्पना साधी होती. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, आणि प्रत्येक माप १६ बिटांचं. (४४,१०० हा २१० चा वर्ग आहे. त्याचा कशाशी संबंध नाही. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, त्या टेपच्या रेघांच्या हिशेबातून हा आकडा आला. पण मला हे लक्षात आलं तेव्हा मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. कोणाचाही घास थांबला नाही.) ही मापं मेमरी कार्डावर ठेवायची. कार्डाला मोटर नाही, भिंग नाही. एका चिपने कार्डातून ५१२-५१२ बाइटचे गठ्ठे उचलायचे आणि घड्याळाच्या ठोक्यावर एकेक माप दुसऱ्या चिपच्या हवाली करायचं. ती त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. दोघींच्या मध्ये तीनच तारा: एकीवर ठोके, एकीवर डावं-उजवं, एकीवर आकडे. कंप्यूटर नाही, पडदा नाही, वायफाय नाही. बटणंही नव्हती, पण ते ठरवून नव्हतं.

आवाज करणारी चिप म्हणून मी फिलिप्सची टीडीए-१५४१ए निवडली. ऐंशीच्या दशकातल्या नावाजलेल्या सीडी प्लेअरांत ती असायची; आता बनत नाही. तिच्यातल्या निवडक नगांवर मुकुट छापलेला असे, त्याहून निवडक नगांवर दोन. मी मागवलेल्या चिपवर दोन मुकुट होते. किंमत घरी सांगताना मी एकाच मुकुटाची सांगितली. रात्री तिच्यावरचा चिकटपणा काढायला बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापसाचा बोळा बुडवून फिरवला, तर एक मुकुट बोळ्यावर आला. पुन्हा फिरवला, तर दुसराही आला. आणि खालून पुसट अक्षरांत चिपचं जन्मनाव उगवलं: टीडीए-१५४१. पुढचा 'ए' सुद्धा दत्तक होता. डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा त्यालाही याहून जास्त कागद लागले असतील.

पण एका पुस्तकात अशा चिपचाही आवाज चांगला म्हटलेला असल्यामुळे मी पुढे गेलो. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, अधिक पाच, उणे पाच आणि उणे पंधरा. शिवाय अवतीभवती चौदा छोटे कपॅसिटर. म्हणजे एक मेमरी कार्ड वाजवायला मी ट्रान्सफॉर्मरचं जे धूड बसवलं, त्यावर आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी चालली असती.

राहिलं घड्याळ. त्यासाठी ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. सेकंदाला १,१२,८९,६०० ठोके. २५६ ने भागले की बरोबर ४४,१००. हाय-फायच्या नादी लागलेली माणसं या ठोक्यांबद्दल फार हळवी असतात. ठोका सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाने डळमळला तरी त्यांना तंबोरा खरबरीत लागतो. या डळमळीला जिटर म्हणतात. मीही त्यावर महिनोन्महिने वाचलं होतं. त्या तयारीने भर मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवर गेलो. दुकानदाराने एक खोका उपसला, दुसरा उपसला.

"अकरा पॉइंट दोन नाही आहे भाऊ. अकरा पॉइंट झिरो घेऊन जा."

"पण मला दोन-आठ-नऊ-सहाच..."

"इंजिनिअरिंगचे सारे पोट्टे हेच नेऊन राहिले. एकाची तक्रार नाही आली."

इंजिनिअरिंगचे पोट्टे ११.०५९२ चा क्रिस्टल ८०५१ या चिपच्या बोर्डावर लावतात, कारण त्यातून सीरियल पोर्टचा वेग नेमका निघतो. त्यांना त्यावर मारवा ऐकायचा नसतो. हे मला दुकानदारापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण बाहेर डांबर पायाला चिकटत होतं आणि दुकानाच्या पंख्याखालून निघायचं तर हातात काहीतरी असायला हवं होतं. अब्जाव्या हिश्शासाठी घरून निघालेला मी दोन टक्क्यांची चूक दहा रुपयांत खिशात घालून आलो. तात्पुरती म्हणून.

नागपुरात हा उद्योग मे महिन्यात करू नये. कूलर चालू ठेवला तर वाऱ्याने आयर्नचं टोक थंडावतं आणि डाग दाणेदार बसतो. शिवाय वाळ्याच्या ताट्यांतून येणारा दमटपणा बोर्डावर चढतो. कूलर बंद केला तर कपाळावरचा थेंब नेमका त्याच पायावर पडून चुर्र करतो, ज्या पायावर आपण भिंगातून डोळा रोखलेला असतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पंचेचाळीस डिग्रीत हे साडेतीनशे डिग्रीचं काय घेऊन बसून राहिले?" हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होता.

पहिल्यांदा वीज जोडली तेव्हा स्पीकरमधून फक्त 'घुंऽऽ' आलं. घरच्या विजेचा हा गुण. १०० हर्ट्झ, म्हणजे जवळपास खर्जातली पांढरी पाच. स्वयंपाकघरातून "तंबोरा छान लागला हो" अशी दाद आली. मी ती स्वीकारली आणि रात्रभर अर्थिंगच्या सगळ्या तारा सोडवून एकाच ठिकाणी बांधल्या. धूड हातभर दूर नेलं. घुंकार गेला. मग कार्डातून वसंतराव देशपांडे आले.

दुसरं कोण येणार? जन्म मूर्तिजापूरचा, गाणं नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे. आमच्याकडे शुद्ध आवाजाची पहिली परीक्षा त्यांचीच. आणि आवाज खरोखर असा आला की मी मागे सरकून बसलो. फक्त मागे कूलर होता. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजांमध्ये ९६ डेसिबलचं अंतर मावतं. मोबाइलवरच्या मापकाने कूलर ६२ दाखवला. मी ऐकतो ती कमाल ९० धरली, तर हातात उरले २८. डेसिबलचे सहा म्हणजे साधारण एक बिट. एकूण जेमतेम पाच बिट. दोन मुकुटांचे पैसे मोजून मी पाच बिटांचा मालक झालो होतो.

त्यात आणखी एक गोम. पहिला सीडी प्लेअर जपानात विकायला आला तो ऑक्टोबर १९८२ मध्ये, आणि वसंतराव गेले जुलै १९८३ मध्ये. त्यांचं गाणं उतरलंय ते टेपवर. माझ्या यंत्राने त्या टेपची सरसर इतक्या निष्ठेने ऐकवली की मुलीने पाऊस आला समजून खिडकी बघितली.

कूलर बंद करण्याजोगी वेळ म्हणजे पहाटेची. दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "पहाटे मारवा लावून राहिले का हो?" काका संगीत शिकवतात, पहाटे मारवा हा त्यांच्या लेखी गुन्हा. मी संध्याकाळी बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "समोर बसून गाऊन राहिले, राजेहो." एवढ्या खटाटोपात मिळालेली ही पहिली खरी दाद, आणि ती बायकोने ऐकली.

मग ते पेटी घेऊन आले. भाता हलवला, पट्टी धरली, सोडली. वरची धरली. खालची धरली. दोहोंच्या मध्ये कुठेतरी वसंतराव बसले होते. क्रिस्टल दोन टक्के मंद, म्हणजे सूर एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्तच उतरलेले आणि तासाभराचं गाणं सव्वा मिनिट लांबलेलं. हा हिशेब मी आधीच करून ठेवला होता. सांगायला तोंडही उघडलं.

"वसंतराव बेसूर?" काका म्हणाले. "शक्यच नाही. देशपांडे हॉलला त्यांचं नाव उगाच नाही दिलं. माझी पेटीच चढली. उन्हाळा आहे."

मी तोंड मिटलं.

त्यांनी मारवा मोबाइलवर उतरवून घेतला आणि पेटी महाल भागातल्या कारागिराकडे नेली. सूर उतरवायचा तर रीड बुडाशी घासावी लागते, चढवायचा तर टोकाशी. त्याने एकेक रीड बुडाशी घासून अख्खी पेटी माझ्या दहा रुपयांच्या क्रिस्टलला मिळवून दिली. सुरेख मिळाली होती. आता रोज संध्याकाळी कूलर अर्धा तास बंद होतो, काका साथ करतात आणि बायको पन्हं आणते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ११.२८९६ चा क्रिस्टल कुरिअरने आला आहे. तो लावायला दहा मिनिटं लागतील. परवा हातात घेतलाही होता, तेवढ्यात काका आले. म्हणाले, "क्लासच्या पोट्ट्यांच्या मोबाइलवरचे तंबोरे आहेत ना, ते सारेच चढेल झाले आहेत. एकही पेटीला लागून नाही राहिला. तुम्ही यातले जाणकार. जरा पाहता का?"

पाहतो म्हणालो.