ओली शेंग, कोरडा भाव
यवतमाळात जपानी हॉटेल नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी जरा वावरात फिरून यावं. मुंबईच्या जपानी हॉटेलांत ऐटीत येणारं ‘एदामामे’ म्हणजे मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. दातांनी दाणे ओढायचे, टरफलं वाटीत. मिसो, तोफू, सोया सॉस, सगळ्यांचं कुळ हेच. आमच्याकडे सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तोही कोणाला? ओलावा १२ टक्क्यांवर गेला की खरेदी केंद्रावर माल नापास. बोंबाबोंब झाली तेव्हा नोव्हेंबरात मर्यादा १५वर नेली. हॉटेलात मात्र शेंग जितकी ओली, तितकी तिची मिजास मोठी. वरून सेवाशुल्क वेगळं.