मालकाचा पेढा, आमचं झाकण

सातारा-सांगली पट्ट्यात डिझायनर ही जमात संख्येनं मोठी आणि नावानं बेपत्ता. कंदी पेढ्याच्या बॉक्सचं झाकण, हळदीचं पाकीट, बेदाण्याचा खोका, लग्नपत्रिका, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, हे सगळं कुणीतरी कोरलड्रॉपुढं डोळे फोडून केलेलं असतं. फ्लेक्सवर गल्लीतल्या झाडून सगळ्या शुभेच्छुकांची नावं असतात. त्यांची डोकी कापून एका मापात बसवणाऱ्याचं तेवढं नसतं.

मीही अशी कामं करणाऱ्या एका प्रेसमध्ये नोकरीला होतो. पुण्याच्या एजन्सीनं पोर्टफोलिओ मागितला, तेव्हा मालकांना विचारलं, "मी केलेली डिझाइनं दाखवू का?"

"तू केलेली? आरं, खुर्चीमागं उभं राहून 'नाव मोठं कर' कोण म्हणत हुतं?"

मुद्दा बिनतोड होता. या न्यायानं गिऱ्हाइकाचा मेहुणाही कलावंतच. 'पिवळा जरा अजून पिवळा करा' ही सूचना त्याची.

कायदाही मालकांकडे झुकलेला. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ : वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कदार मालक. आमचा करार एवढाच होता, "उद्यापास्नं ये." पण त्याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं, हक्क कुणाचाही असो, 'हे मी केलं' असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

कलमांनी मालक बधेनात, म्हणून सांगलीचाच दाखला काढला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. गिऱ्हाईक म्हणजे साक्षात राजेसाहेब! १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, दरबारचा आधार सुटला. मग भावे नाटकमंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत खेळ केले. मराठीतला हा पहिला फिरता पोर्टफोलिओच की!

मालक शांतपणे म्हणाले, "पर जाताना भाव्यांनी राजेसाहेबांचा पेनड्राइव्ह न्हवता नेला."

खरी भीती ती होती. झाकण चारचौघांत मिरवावं याला त्यांची ना नव्हती. ओपन फाइल, दर आणि गिऱ्हाइकाचा नंबर शेजारच्या प्रेसमध्ये पोचू नये, एवढंच. ही भीती रास्त आहे. शेवटी तह झाला : बाजारात आलेलंच काम दाखवायचं, तेही फोटोत, दर आणि नंबर झाकायचे, खाली 'काम प्रेसचं, मांडणी माझी' असं लिहायचं. त्यातही प्रेसचं नाव मोठं.

तेव्हा डिझायनर मंडळींनो, ही परवानगी नोकरीला लागतानाच लिहून घ्या. सोडताना मागितलीत, तर मालक ती शेवटच्या पगाराच्या हिशेबात धरतात.