सावद्याची साखळी

दीपनगरच्या कॉलनीत दोन क्वार्टरांच्या मधली भिंत छातीइतकी. तिच्या पलीकडून सावद्याच्या काकूंनी बिबड्या उलटता उलटता विषय काढला.

"भावाच्या वावरात मोजणीवाले आले होते वं. खांब्यावर कायतरी यंत्र लावून मोजता. भाऊ म्हने, आधी नोटीस दाखवा, मंग बांधावर पाय ठेवा."

"काकू, तुमच्याकडे हे रक्तातच आहे. १८५२ ला सावदा, फैजपूर, एरंडोल मोजणीवरूनच पेटलं होतं."

"माय! आमचे लोक? केळी सोडून?"

केळीचा त्या दंग्याशी संबंध नाही, पण काकूंना अडवणार कोण. १८१८ ला खानदेश इंग्रजांकडे गेला. सारा रोख भरायचा, आणि पुढं धान्याचे भाव पडले तरी तो जडच राहिला. त्यात विंगेटसाहेबाची सर्व्हे आली. तेहतीस फुटांची साखळी टाकायची, जमिनीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी दर बांधायचा. काकूंचा भाऊ आजही गुंठ्यात बोलतो, तो गुंठा त्याच साखळीचा: तेहतीस बाय तेहतीस.

"मंग सारा वाढवला आसंन."

"गंमत तीच. दख्खनमध्ये विंगेटच्या पद्धतीनं बऱ्याच ठिकाणी सारा उलट कमी झाला होता. पण सावद्याच्या काळ्या जमिनीला काय दर लागणार, हे कोणी विचारून ठरवत नव्हतं. लोकांनी साहेबांच्या तंबूंना गराडा घातला, मोजणी बंद करा म्हणून."

"बराबर केलं. सस्तं देता म्हनून घरात घुसता का?"

बोस्टनच्या लोकांनी १७७३ ला हेच केलं. नव्या कायद्यानं कंपनीचा चहा स्वस्त झाला होता, तरी त्यांनी ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. काकूंना हे सांगितलं, तर त्यांचा जीव चहात अडकला. "भरल्या पेट्या? पानी तरी गोडं होतं का?"

"खारं. पण सावद्याचं पुढचं ऐका. दंगा मोडायला कोण आलं? भिल्ल पलटण. आउट्रमनं १८२५ ला उभी केली होती, धरणगावला तिचं ठाणं. आधी सातपुड्यातले भिल्ल लढत होते, म्हणून त्यांनाच पगारावर घेतलं, आणि पाटील-देशमुख उठले तेव्हा त्यांना धरायला फैजपूरला पाठवलं."

काकूंचा हात थांबला. "म्हंजे आपल्यातच लावून दिलं."

"पण पगारानंही माणूस बांधला जात नाही. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा, सरकारी पगारावर. सत्तावन्नला तोच उठला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली."

काकूंना लढाईपेक्षा फैजपूर जवळचं. "तिथं नेहरू आल्ते ना?"

आले होते, १९३६ च्या डिसेंबरात. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, धनाजी नाना चौधरींची धावपळ. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी ज्या गावात धरपकड झाली, तिथं भर मांडवात शेतसारा कमी करण्याचा कार्यक्रम मांडला गेला.

"आमच्या आजेसासऱ्यानं त्या मांडवाचे दोर बांधले होते," काकू म्हणाल्या. सावद्या-फैजपुरात ज्याला विचारावं त्याच्या आज्यानं ते दोर बांधलेले असतात. मांडवाला दोर जास्त होते की आजे, देव जाणे.