उद्याच्या जाहिरातीसाठी स्टॉक फोटो: नवशिक्यांचा मार्गदर्शक

पहिली पायरी सगळ्यांनाच येते. गूगलवर शोधा, बरा दिसेल तो फोटो उतरवून घ्या आणि त्यावरची तिरकी पुसट अक्षरं खोडत बसा. खोडाखोड साहेबांना कळत नाही. चित्रावरून चित्र हुडकणाऱ्या यंत्रणेला कळते, आणि मग पत्र थेट हिशेब खात्यात येतं.

तेव्हा शटरस्टॉक, गेटी, अडोबी स्टॉक यांपैकी कुठेतरी रीतसर खातं उघडा. 'आनंदी भारतीय कुटुंब' असं शोधा. पांढऱ्या सोफ्यावर चौघं लॅपटॉपकडे पाहून हसत असतील. का हसताहेत, हे विचारायचं नसतं. एका बाजूला भरपूर मोकळी जागा असलेला फोटो निवडा; साहेब तिथे चार फोन नंबर घालणार आहेत. हेच कुटुंब उद्या समोरच्या बिल्डरच्या फ्लेक्सवरही हसेल. तक्रार करू नका. रॉयल्टी-फ्री परवाना म्हणजे एकदा पैसे भरून वापरायची मुभा. फोटो तुमच्या एकट्याचा होत नाही.

आता गणपती. गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनाचा झकास फोटो सापडेल आणि खाली बारीक अक्षरांत 'फक्त संपादकीय वापरासाठी' असेल. म्हणजे लेखाबरोबर छापा, पतपेढीच्या जाहिरातीत नको. जाहिरातीसाठी ओळखू येणाऱ्या माणसाचं संमतिपत्र लागतं, आणि त्या गर्दीत कागद घेऊन कोण फिरणार? संमतिपत्र असलं तरी सोफ्यावरच्या बाईंना मूळव्याधीच्या औषधाशेजारी बसवू नका. त्या हसण्यासाठी आल्या होत्या.

प्रती मोजा. साध्या परवान्यात बहुधा पाच लाखांपर्यंत छापता येतं, त्यामुळे सोसायटीच्या पत्रकाला घोर नाही. मात्र तोच फोटो टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा झाला, तर वरचा, महागडा परवाना घ्यावा लागतो.

आणि पावती जपा. अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन जनतेसाठी खुले केले. २०१५ साली त्यांच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांचाच फोटो लावल्याबद्दल त्यांना १२० डॉलर भरा, असं पत्र आलं. त्यांच्याकडे पावती कुठून असणार? त्यांनी फोटो नुसता काढला होता.