एक ट्रक, दोन बिल्ले आणि आपले अनंत उपकार

प्रति,
माननीय बिल्लाबदलसाहेब
(कंपनी कोणतीही, काळ कोणताही)
मुक्काम : दोन सख्ख्या शोरूमच्या मधली भिंत

स. न. वि. वि.

भिवंडीच्या नारपोलीतल्या एका साध्या ट्रकमालकाचा आपल्याला त्रिवार मुजरा. आपण थोर आहात. पत्रा न कापता, वेल्डिंगची एक ठिणगी न उडवता आपण एका ट्रकचे दोन ट्रक करता. जाळीवरचा एक बिल्ला उपटला, दुसरा ठोकला, जाहिरातीत सूर्योदय दाखवला, की नवं मॉडेल हजर.

आपलं घराणं जुनं आहे, हेही आम्ही जाणून आहोत. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याला कारखाना सुरू झाला, तेव्हाच आपले पूर्वज मुंबईत दाखल झाले. डॉज, फार्गो आणि डिसोटो अशी तीन नावं तिथल्या ट्रकांच्या नाकावर चढली. आग्रा रोडवर एखादा फार्गोवाला मागच्या डॉजवाल्याकडे आरशात बघून मिशीला पीळ देत असेल, तर त्या बिचाऱ्याने स्वतःलाच मागे टाकलं होतं. एवढा निर्मळ आनंद गिऱ्हाइकाला दुसरं कोण देऊ शकलं असतं?

त्यामागचा आपला हेतूही किती सोज्वळ! उत्तर अमेरिकेत क्रायस्लरचे विक्रेते वेगवेगळ्या फळ्यांत वाटलेले. डॉजच्या दुकानात ट्रक, मग पलीकडे प्लिमथ विकणाऱ्याने काय हात चोळत बसायचं? म्हणून त्याच डॉजचं बारसं करून त्याला फार्गो म्हटलं. जनरल मोटर्सने शेवरले आणि जीएमसी ही भावंडं तर आजतागायत सांभाळली आहेत. दोन ट्रक हवेत असं गिऱ्हाईक कधी म्हणालं नव्हतं. पण दुकानदारांना दोन पाट्या हव्या होत्या, आणि आपण कुणाला नाही म्हणत नाही.

आपले प्रतिनिधीही आपल्यासारखेच मनमिळाऊ. धाकट्या पातीचा सकाळी येतो आणि सांगतो, ‘शेठ, त्यांचा क्लच टिकत नाही.’ थोरल्या पातीचा दुपारी येतो आणि कळवळून म्हणतो, ‘काका, त्यांचे पाटे एकदा खालून बघा.’ क्लच एकाच लाइनवर बसवलेला, पाटे एकाच पुरवठादाराचे. दोघांचा चहा माझ्याकडे. एवढ्या घनघोर वैरात शेवटी मुद्दा उरतो तो ताडपत्री फुकट कोण देणार हा.

आमच्या यंत्रमागावरून उतरलेल्या एकाच कोऱ्या कापडावर दोन व्यापारी आपापला छाप मारतात, हे आम्ही रोज बघतो. पण ते मागासलेले लोक. समोरच्याचं सूत कच्चं आहे असं ते सांगत सुटत नाहीत, कारण सूत कुठलं हे अख्ख्या भिवंडीला ठाऊक असतं.

कृपया गैरसमज नसावा. बिल्ला बदलण्याला माझा विरोध नाही. टाटांनी 1954 साली डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरच्या ट्रकांवर तीन टोकांचा तारा आला. 1969 ला करार संपला. ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ बसला. मधल्या पंधरा वर्षांत तो ट्रक बनवायचा कसा हे कारखाना शिकला होता आणि उघडायचा कसा हे रस्त्याकडेचा मिस्त्री शिकला होता. त्यामुळे तारा गेला तरी गाडी अडली नाही. असल्या वेळखाऊ गोष्टींत आपण पडत नाही, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

भावंडं वेगळ्या अंगणात ठेवायची पद्धतही आहे म्हणे. डाइमलर चेन्नईजवळ ओरगडमला ट्रक बनवते. देशात ते भारतबेंझ म्हणून विकले जातात आणि त्याच कारखान्यातून फुसो नावाने परदेशी जातात. दोघांची गाठच पडत नाही, मग भांडण कुठलं? पण अशा समंजसपणात गंमत नाही, हे आपण अचूक हेरलंत.

आपली खरी कमाल दिसली ती त्याच ओरगडमला. अशोक लेलँड आणि निसान यांनी एकत्र संसार मांडला होता. 2011 साली त्यातून ‘दोस्त’ आला. तो चालला, आजही अंजूरफाट्यावर माल वाहतोय. मग आपल्याला स्फूर्ती झाली. 2012 ला बाजारात आलेल्या निसान इव्हालियाकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याने गिऱ्हाईक का फिरकत नाही ते शोधलं असतं. आपण 2013 ला तीच गाडी ‘स्टाइल’ या नावाने अशोक लेलँडच्या शोरूममध्ये उभी केलीत. एका दारातून जी खपत नाही, ती दोन दारांतून खपेल! काही वर्षांत ‘स्टाइल’ बंद पडली आणि 2016 ला भागीदारीही मोडली.

आणि ‘स्वराज माझदा’चं काय सांगावं? एका नावात पंजाब आणि जपान दोन्ही. पुढे 2011 साली कंपनी ‘एसएमएल इसुझू’ झाली. 2025 मध्ये महिंद्रांनी तिचा मोठा हिस्सा घेतला आणि ती ‘एसएमएल महिंद्रा’ झाली. मूळचा स्वराज ट्रॅक्टर 2007 पासूनच महिंद्रांच्या घरात होता, म्हणजे हे दुरावलेल्या भावांचं मीलनच. खुद्द महिंद्रांचे चाकणचे मोठे ट्रकही एके काळी ‘महिंद्रा नॅविस्टार’ होते. अमेरिकन भागीदार निघून गेला आणि अर्धी पाटी उतरली. आता एका छताखाली ट्रकांच्या दोन पाती नांदणार. माझ्याकडे चहाला कोण आधी येतं, ते बघायचं.

आता सुट्या भागांबद्दल आभार. आमच्याही दारात एक गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, आपण उगाच लाजाल. तिचा फिल्टर एका भावाच्या डब्यात स्वस्त आणि दुसऱ्याच्या डब्यात महाग. आतल्या फिल्टरवर मात्र एकाच पुरवठादाराचा शिक्का. स्वस्तवाल्या भावाच्या वर्कशॉपला गेलो, तर कॉम्प्युटरवर बोट ठेवून साहेब म्हणाले, ‘ही आमची गाडी नाही.’ आपला कॉम्प्युटर जो भाग नाकारतो, तोच आमचा मिस्त्री हातात घेऊन चाचपतो आणि एका शब्दात निकाल देतो : ‘बसेल.’

जुनी गाडी विकायला काढली, की आपली आठवण अधिकच दाटून येते. दलाल आरसी बुक उघडतो, कंपनीचं नाव वाचतो आणि सुतकी चेहऱ्याने विचारतो, ‘ही बंद झाली ना?’ त्या एका प्रश्नाने भाव खाली घसरतो. फायनान्सवाल्याने मात्र असली चौकशी कधी केली नाही. पाटी कुणाचीही असो, हप्ता ठरल्या तारखेला. आमच्या अख्ख्या धंद्यात बिल्ल्याला न भुलणारा तोच एक.

खर्च वाचवायला आपण हे करता, हे मान्य. नवं इंजिन, नवी केबिन उभी करायची तर अफाट पैसा ओतावा लागतो. 1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर तर तो भार वाढलाच. भागीदारांनी तो अवश्य वाटून घ्यावा. मात्र वाटणीत खर्च वाचला, तो आमच्या किमतीत कुठे दिसेना. आणि भागीदारी मोडल्याचा खर्च तेवढा न चुकता नारपोलीच्या पत्त्यावर येतो. ही पोस्टाची चूक असावी.

म्हणून हात जोडून तीनच विनंत्या. सुट्या भागाच्या डब्यावर भावाच्या डब्याचाही नंबर छापावा. वॉरंटी दोन्ही भावांच्या वर्कशॉपमध्ये चालावी. आणि उद्या वेगळे झालात, तर रस्त्यावर असलेल्या गाड्यांना पुढची किती वर्षं माल कोण पुरवणार, ते विक्रीच्या कागदावरच लिहून द्यावं. एवढं केलंत तर जाळीवर दोन काय, दहा बिल्ले लावा. आम्ही हार घालू.

कळावे, लोभ आहेच. तो वाढवू नये, परवडत नाही.

आपला कृपाभिलाषी,
नारपोलीचा एक हप्तेकरी

ता. क. : उत्तर पाठवायचं झाल्यास एकाच भावाच्या लेटरहेडवर पाठवावं. दुसऱ्याचं आलं नाही तरी चालेल, आतला मजकूर तोच असणार.