आपलीच सिस्टीम हलकी कशी ठरवावी

आधी निकाल ठरवा. लिनक्स हलकं की फ्रीबीएसडी, हे एकदा मनाशी पक्कं झालं की आकडे आपोआप सरळ येतात. मग 4 जीबीचा एखादा जुना लॅपटॉप मिळवा. जयपुरात मे महिन्यात बसणार असाल तर कूलर त्याच्याकडे वळवा, तुमच्याकडे नको.

लिनक्सला हरवायचंय? 'फ्री' ही कमांड द्या आणि त्याच नावाचा रकाना दाखवा. आकडा हमखास केविलवाणा असतो, कारण रिकामी मेमरी लिनक्सला बघवत नाही. वाचलेल्या फायली ते कॅशमध्ये ठेवून देतं आणि कुणी जागा मागितली की मुकाट्यानं सोडतं. जिंकवायचं असेल तर शेवटचा 'अव्हेलेबल' रकाना वाचा. त्याचा हिशेब 2014 पासून कर्नल स्वतःच करतो.

फ्रीबीएसडीत 'फ्री' कमांडच नाही. 'टॉप' लावा: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह, लाँड्री, वायर्ड, फ्री. हो, लाँड्रीच, डिस्कवर जाऊन धुऊन यायची मेमरीची मळकी पानं तिथे रांगेत असतात. झेडएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर तिची एआरसी नावाची कॅश 'वायर्ड'मध्ये धरतात, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कर्नलनंच सगळं गिळलं. लिनक्सवर झेडएफएस टाका, तर तीच कॅश 'यूज्ड'मध्ये जाऊन बसते. तेव्हा झेडएफएस नेहमी विरोधकाच्या मशीनवर असावं.

शिष्य शंका काढू लागला तर त्याला जंतर-मंतर वेधशाळेत न्या. तिथलं 27 मीटर उंचीचं सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, 2 सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवतं, तरी मोबाइलशी जुळत नाही. ते जयपूरचा सूर्य मोजतं, मोबाइल प्रमाणवेळ. नुसत्या रेखांशापायीच 27 मिनिटं जातात. गाईड दुरुस्ती करून सांगतो. आपण करायची नाही.

आता प्रत्येक प्रोसेसचा 'आरएसएस', म्हणजे तिनं रॅममध्ये व्यापलेली जागा, घ्या आणि बेरीज मारा. एकच सामायिक लायब्ररी प्रत्येकाच्या खात्यावर पुन्हा पुन्हा चढते, त्यामुळे बेरीज 4 जीबी ओलांडून गेली तरी दचकू नका. लिनक्सवरचा 'पीएसएस' मात्र हिस्सेवाटणी करतो. त्याचं नावही काढू नका.

मॅकवाला मध्ये पडला तर विषय बदला. त्याची सिस्टीम 2013 पासून मेमरीची पानं दाबून ठेवते आणि मेमरी प्रेशरचा हिरवा आलेख दाखवते. हिरव्या रंगाशी वाद घालता येत नाही.

काही विघ्नसंतोषी लोक दोन्ही मशीनना तेच काम देतात आणि 'व्हीएमस्टॅट'मध्ये स्वॅपिंग आधी कुठे सुरू होतं ते बघत बसतात. अशांना एमआय रोडवर लस्सी प्यायला पाठवून द्यावं.