गाडीवर गाडी: कोल्हापूर ते कोईमतूर

शर्यतीच्या मोटारीला नंबरप्लेट नसते, दिवे नसतात आणि सायलेन्सरचे तर नावच काढू नये. सार्वजनिक रस्त्यावर तिला मज्जाव असतो. म्हणून कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 2.1 किलोमीटरच्या फेऱ्या मारायला निघालेली कोल्हापूरची मोटार आधी हजारेक किलोमीटर ट्रेलरवर बसून जाते. या शहराला शर्यतीचे वेड जुने आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर पोरे गो-कार्ट हाकतात आणि इथले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचले. पळवणारे मुबलक आहेत. नीट बांधणारे मोजके.

बांधण्याआधी चढवणे येते. स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीलगत असते आणि आखूड रॅम्पवर तिचे नाक आधी टेकते. त्यासाठी रॅम्प लांब घ्यावा, टोकाशी फळ्या टाकाव्यात आणि मोटार विंचने सावकाश ओढावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम सुरू झाले की पाच मिनिटांत पंधरा तज्ज्ञ जमतात. निम्मे ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात, उरलेले त्याच क्षणी ‘थांब मर्दा!’ विंचचे बटण ज्याच्या हातात, त्याने फक्त एकाचेच ऐकावे. मोटार चालवतच वर नेली, तर ट्रेलरच्या मडगार्डमुळे दार उघडत नाही आणि चालकाला खिडकीतून बाहेर यावे लागते. गर्दीला हा भाग सर्वांत आवडतो.

मोटार कुठे उभी करायची, याला फार महत्त्व आहे. ट्रेलर आणि मोटार यांच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडणीवर यायला हवा. मोटार मागे राहिली, तर वेग वाढताच ट्रेलर डुलू लागतो आणि ओढणाऱ्या जीपलाही सोबत घेऊन डुलतो. इंजिन मागे असलेली मोटार म्हणूनच कधी कधी उलटी चढवतात.

मग पट्टे. चार कोपऱ्यांना चार, रॅचेटचे. उसाच्या ट्रॉलीचा दोर येथे चालत नाही. तो ताणला जातो आणि सैल पडतो. उसाच्या चार कांड्या गळल्या तर मागची पोरे आनंदाने उचलतात, मोटार गळली तर कोणी उचलत नाही. 1,400 किलोच्या मोटारीला जोरदार ब्रेकच्या वेळी पुढे सरकू न देण्यासाठी सुमारे 1,120 किलोभाराचा जोर रोखावा लागतो, असा हिशेब युरोपीय मानकात धरतात. पट्ट्याच्या लेबलावरचा मोठा आकडा पट्टा तुटण्याचा असतो. वापरायचा आकडा त्याचा साधारण तिसरा हिस्सा. पट्टा टायरवरून घेतला तर सस्पेन्शन मोकळे राहते. हूक अडकवायचाच, तर कंपनीने दिलेल्या कडीतच. बंपर आणि ब्रेकची नळी या कड्या नव्हेत. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना उटी लावावी. कापडी आच्छादन शक्यतो घालू नये, वाऱ्याने फडफडून ते रंग घासते.

पहिल्या वीस-तीस किलोमीटरांत पट्टे हमखास बसतात, म्हणजे सैल होतात. कोल्हापूरहून दक्षिणेला जाताना या अंतरावर कागल येते आणि तिथे थांबून ते पुन्हा आवळावेत. तवंदी घाटाआधी हे राहून गेले, तर पुढची वळणे आठवण करून देतात. टोलनाक्यावर ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याला उत्तर द्यावे, पण सेल्फी घेणाऱ्याला पट्ट्यावर टेकू देऊ नये.

उतरवताना विंचचा दोर शेवटी सोडावा. तोवर रॅम्पमागे कोणीही उभे राहू नये. फोटो बाजूनेही चांगला येतो.